दुसऱ्याची बंदूक

आबांचा अंगठा मशीनवर कधीच उमटला नाही.

जळगावात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आधारची दुरुस्ती, गॅसची केवायसी, हयातीचा दाखला, लोकांची अशी सगळी कामं तिथं होतात. शेजारचं दुकान आबांचं. मध्ये एक भिंत. गॅसच्या केवायसीसाठी आबा माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांचा उजवा अंगठा मशीनवर ठेवला. लाल दिवा लागला. डावा ठेवला. लालच.

"जरा दाबा, आबा."

"दाबस ना भाऊ. आता काय फोडू तुनं मशीन?"

दहाही बोटं झाली. शेवटी आबांनी हात धोतराला पुसला आणि हसले. "राहू दे. बठ्ठं घासाई गयं. जन्मभर लोकांच्या बंदुका पुसल्या, त्यात मना अंगठाबी पुसाई गया."

मी त्यांचा अंगठा उजेडात धरून पाहिला. तो गुळगुळीत होता, नदीतल्या गोट्यासारखा. त्यावर एकही रेघ नव्हती. ही गोष्ट मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते या अंगठ्यावाचून कळणार नाही.

आबांचं नाव दामोदर. मूळचे धुळ्याकडचे, पण सारं आयुष्य जळगावात गेलं. त्यांचं दुकान बंदुकांचं होतं. दारावर जुनी पाटी होती: शस्त्रे, दारूगोळा, विक्री व दुरुस्ती. विक्री नावापुरती. खरं काम दुरुस्तीचं आणि सांभाळण्याचं. परवान्याची बंदूक घरी ठेवता येत नाही अशी वेळ आली की ती आबांसारख्या परवानाधारक दुकानात जमा करायची. निवडणुकीची आचारसंहिता लागली की यायच्या. मालक वारला आणि वारसाचा परवाना झाला नाही, तरी यायच्या. निवडणुकीच्या बंदुका निकाल लागल्यावर परत जात. वारलेल्या माणसांच्या मात्र राहत. आतल्या खोलीत लोखंडी कपाट होतं. त्यात जामनेरच्या, मुक्ताईनगरच्या, रावेर पट्ट्यातल्या कितीतरी गेलेल्या माणसांच्या बाराबोर बंदुका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या दस्त्याला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली.

आबांची स्वतःची बंदूक नव्हती. एकदा मी विचारलं, "आबा, तुम्ही एकही का नाही घेतली?"

ते कानस घासत होते. घासतच म्हणाले, "आपली असली की माणूस तिच्याकडेच बघत बसतो. मग लोकांच्यांकडे कोण बघणार?"

दुसऱ्याची बंदूक हातात कशी घ्यायची याची आबांची एक रीत होती. ती त्यांनी कुठं लिहून लावलेली नव्हती, पण त्यांच्या दुकानात बसणाऱ्याला ती आपोआप कळायची. कोणी आपली बंदूक दाखवायला आणली की आबा आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. तसेच वाकून ती पाहायचे, देवळात उंबऱ्याबाहेरून मूर्ती पाहावी तशी. मग मालकाकडे बघून विचारायचे, "लेऊ का?" मालक "ल्या" म्हणाला की आबा मोरीत जाऊन हात धुवायचे, कोरडे करायचे आणि मगच घ्यायचे. घेतल्या घेतल्या नळी जमिनीकडे. बंदूक मधोमध मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतः बघायचं आणि मालकालाही दाखवायचं. मालकानं सांगितलेलं असलं तरी. मिटताना आवाज करायचा नाही. नेम कधीच धरायचा नाही. किंमत विचारायची नाही, खोड असेल तर चारचौघांत काढायची नाही. परत देताना पुन्हा मोडून द्यायची आणि जिथं जिथं आपला हात लागला तिथं तिथं तेलाच्या फडक्यानं पुसून द्यायची.

"आपला हात तिच्यावर राह्यला नाही पाहिजे," ते म्हणायचे. "ज्याची त्याला, जशीच्या तशी."

एकदा शहरातला एक पैसेवाला माणूस आला. गळ्यात साखळी, मागे दोघं जण. काउंटरवर एका शेतकऱ्याची दुनळी दुरुस्त होऊन पडली होती. यानं ती न विचारता उचलली आणि समोरून चहा घेऊन येणाऱ्या गणपतवर नेम धरला. "काय रे गणपत, उडवू का?" मागचे दोघं हसले. गणपत ट्रे घेऊन जागच्या जागी थिजला.

काउंटरची फळी उचलून आबा बाहेर आले, गणपतच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि हात पाठीमागे बांधले. नळी आता त्यांच्या छातीवर होती. तो माणूस ओशाळला.

"अहो आबा, रिकामी आहे."

"तुम्ही बघितलं का?"

"नाही, पण तुमच्या दुकानात म्हणजे..."

"मालकाला विचारलं का?"

"मालक कुठाय इथं?"

"तो नाही म्हणून तर विचारायचं."

त्यानं बंदूक खाली ठेवली. ती ठेवून तो रस्त्यावर जाईपर्यंत आबा हलले नाहीत. मग आत येऊन त्यांनी ती दुनळी पहिल्यापासून पुसायला घेतली. गणपत म्हणाला, "आबा, मी तं मेलोच व्हतो." आबा म्हणाले, "तू मरत नव्हता रे. पण चहा गार झाला ना." आणि तो गार चहा त्यांनी पिऊन टाकला.

माणसांशी आबा कमी बोलायचे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. धुळ्याला एक पुतण्या, तो वर्षातून एकदा फोन करायचा. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला आबा आतलं कपाट उघडायचे, एकेक बंदूक बाहेर काढून तेलपाणी करायचे आणि त्या दिवशी भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. "चाला पाटील, या बाहेर." "कसं काय गुरुजी, पावसाळा मानवला का?" ते मेलेल्या मालकांशी बोलायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे पहिल्या तारखेला मी टायपिंगचा आवाज कमी करू लागलो. महिन्यातला तो एकच दिवस आबांकडे माणसं असायची.

प्रतिभाताईही याच आतल्या कपाटामुळे ओळखीच्या झाल्या. त्या सावद्याच्या, केळीच्या मळ्यातल्या. त्यांचे वडील, म्हणजे नाना, रानडुकरांपासून बाग राखायला बंदूक बाळगायचे. ते गेले तेव्हा दुनळी आबांकडे जमा झाली. भावाला ती विकायची होती, बहिणीला ठेवायची होती. वारसाचा परवाना ताईंना स्वतःच्या नावावर हवा होता आणि भाऊ संमतीची सही देत नव्हता. त्यांचे अर्ज मीच टाइप करायचो. दर दसऱ्याला त्या सकाळच्या बसनं यायच्या, झेंडूची फुलं, हळदकुंकू आणि आपट्याची पानं घेऊन. आबा काउंटरवर स्वच्छ पंचा अंथरून नानांची दुनळी त्यावर ठेवायचे. मग एक गंमत व्हायची. बंदूक ताईंच्या वडिलांची, तरी त्या आबांना विचारायच्या, "आबा, घेऊ का?" आणि आबा म्हणायचे, "बाई, तुमचीच शे. विचारून ठेवायची ती मीच."

पूजा झाली की ताई दहा मिनिटं तिच्याशेजारी स्टुलावर बसायच्या. दस्त्यावर एका जागी लाकूड झिजलेलं होतं, नानांचा गाल टेकून टेकून. तिथं त्या हात ठेवायच्या. आबा तेवढा वेळ बाहेर फळीवर बसायचे, रस्त्याकडे तोंड करून.

आता माझी गोष्ट. ती मला टाळता आली असती तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

भाद्रपदातली दुपार होती. पाऊस थांबलेला, हवेत घाम. मी डबा खाल्ला होता. भाकरी, भरीत आणि लिंबाचं लोणचं. हात धुवायला उठणार तेवढ्यात आबांनी भिंतीवर थाप मारून बोलावलं. त्यांच्या डोळ्यांचा त्रास तेव्हा वाढला होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. नानांच्या दुनळीचं तेलपाणी नुकतंच झालं होतं आणि ती काउंटरवर होती.

"अरुण, बस जरा आठे. डोळ्यात टाकायचे थेंब घेऊन येतो."

अशा वेळी आबा नेहमी एक वाक्य बोलायचे: "हात लावू नको." इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. गेले.

मला त्याच क्षणी ते जाणवलं. आबा आता मला सांगायची गरज मानत नाहीत, याचा मला अभिमानही वाटला. आणि तरी मी नळीला धरून बंदूक उचलली. का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. काही मोठं कारण नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचा झालो होतो, दिवसभर लोकांचे अर्ज लिहीत होतो, आणि कोणी बघत नव्हतं. मी हात धुतले नव्हते. बंदूक मोडून पाहिली नाही. खांद्याला लावली, नानांच्या गालाच्या जागेवर माझा गाल टेकवला आणि समोरच्या कॅलेंडरवर नेम धरला. दोन मिनिटं असेन मी तसा. मग पावलं वाजली असं वाटलं, घाईनं ती होती तशी ठेवली आणि स्टुलावर बसलो. फडकं हाताशी होतं, मी पुसली नाही.

आबा आले. तेलपाणी झालेलंच आहे म्हणून त्यांनी ती आत नेऊन ठेवली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं आणि डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे त्या महिन्याची पहिली तारीख चुकली.

दसऱ्याला प्रतिभाताई आल्या. त्यांच्या अर्जाची प्रत घेऊन मी तिथंच उभा होतो. आबांनी पंचा अंथरला, दुनळी आणून ठेवली. ताईंनी विचारलं, "आबा, घेऊ का?" आणि फुलं वाहायला वाकल्या, त्या तशाच राहिल्या.

डाव्या नळीवर गंजाचा एक तांबडा ठसा होता. अंगठ्याचा. लोणच्याचं मीठ आणि घाम यांनी आपलं काम केलं होतं. ठसा इतका साफ होता की त्यातली रेघन् रेघ मोजता आली असती.

"आबा," ताई म्हणाल्या, "हे काय?"

आबांनी बंदूक दारातल्या उजेडात तिरपी धरली, भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांची नजर वर आली. माझ्या तोंडाकडे नाही, अर्ज धरलेल्या माझ्या हाताकडे.

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. मी अर्जाची घडी घालत राहिलो.

"मना शे," आबा म्हणाले. "माझाच अंगठा, बाई. डोळ्यांच्या गडबडीत पुसायची राहिली. माफ करा."

ज्या अंगठ्यावर एक रेघ उरली नव्हती, त्या अंगठ्यानं आबांनी माझा गुन्हा आपल्या नावावर घेतला. हे तिथं दोघांनाच कळलं, त्यांना आणि मला.

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आबा, तुमच्याकडून?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्या स्टुलावर बसल्या नाहीत. दिवाळीनंतर त्या माझ्याकडे आल्या, बंदूक दुसऱ्या दुकानात हलवण्याचा अर्ज टाइप करून घ्यायला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं. त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: 'योग्य देखभाल होत नसल्याने.' याच बोटांनी. तेव्हाही मी बोललो नाही.

आबांची सही घ्यायला मीच भिंतीपलीकडे गेलो. त्यांनी भिंग घेऊन अर्ज पूर्ण वाचला. कारणावर भिंग थोडं थांबलं. सही करून कागद परत देताना म्हणाले, "टायपिंग साफ शे तुनं."

ते मला टोचून बोलले असं मला वाटलं होतं. आता वाटतं, ते खरंच टायपिंगबद्दल बोलत होते. आबांना टोचून बोलता येत नव्हतं.

आमच्यात वरवर काही बदललं नाही. चहा भिंतीवर थाप मारूनच यायचा. फक्त एक झालं. त्यानंतर दुकानात बसायला सांगताना ते दर वेळी म्हणायचे, "हात लावू नको." आधीच्याच आवाजात. दर वेळी मान खाली घालून मी "हो आबा" म्हणायचो. तेवढी शिक्षा मला पुरून उरली.

ऑपरेशननंतरही आबांची नजर काही सुधारली नाही. दोन वर्षांत त्यांनी परवान्याचं नूतनीकरण करायचं नाही असं ठरवलं. कपाटातल्या बंदुका दुसऱ्या दुकानदाराकडे जायच्या होत्या. यादी मी केली. एकेक बंदूक बाहेर येत होती, आबा नावाची चिठ्ठी बोटांनी चाचपून निरोप देत होते. "जा पाटील. तठे नीट राहा." गाडी गेली. कपाट उघडंच राहिलं. रिकामं कपाट लावायचं कशाला, म्हणून असेल. आबा त्याच्यासमोर हात पाठीमागे बांधून उभे होते.

मी म्हणालो, "आबा, तो अंगठा माझा होता."

"मला काय सांगतो?" ते वळले नाहीत. "माझी होती का ती? ज्याची वस्तू, त्याला सांगायचं असतं."

पुतण्या त्यांना धुळ्याला घेऊन गेला. आणि मी? मला सावद्याला जायला आणखी सहा महिने लागले. ते अंतर दोन तासांचंसुद्धा नाही.

प्रतिभाताई मळ्यात होत्या. केळीचे घड ट्रकमध्ये भरणं चालू होतं. भावानं अखेर सही दिली होती, परवाना झाला होता, दुनळी घरी आली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लोणच्यापासून आबांच्या गुळगुळीत अंगठ्यापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. ट्रकवाला काहीतरी विचारायला आला, त्याला हातानंच थांबवलं.

"मला वाटलं, आबा थकले," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणून नेली मी बंदूक. आणि ते खरंच थकले. मी नेली म्हणून थकले हो, भाऊ."

त्यांनी ट्रकवाल्याला निघायची खूण केली.

"दसऱ्याला धुळ्याला जाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्हीही यायचं."

धुळ्यात पुतण्याचं घर एका नव्या वस्तीत होतं. पुढच्या खोलीत खाट, खाटेवर आबा. डोळ्यांनी आता फक्त उजेड आणि सावली कळायची. पुतण्या कामावर, सूनबाई आत. घरात टीव्ही चालू होता, कोणी बघत नव्हतं. ताईंनी नाव सांगितलं तसे ते धडपडत उठले.

"आबा, नानांची बंदूक आणली आहे. पूजेला."

आबांचे हात आधी पाठीमागे गेले. सवयीनं ते वाकलेही, दिसत काही नव्हतं तरी. मग विचारलं, "लेऊ का?"

"घ्या ना, आबा."

भिंतीला धरत ते मोरीपर्यंत गेले, हात धुऊन आले. बंदूक घेतली, नळी जमिनीकडे. मोडली. दोन्ही नळ्यांत करंगळी घालून रिकाम्या असल्याची खात्री केली आणि ताईंच्या दिशेनं धरली, त्यांनाही दिसावं म्हणून. मग त्यांचा अंगठा डाव्या नळीवरून हळूहळू सरकत गेला आणि एका जागी थांबला.

"गेला नाही का डाग?"

"घासला असता तर गेला असता," ताई म्हणाल्या. "मी राहू दिला. या भाऊंनी येऊन सांगितलं मला सगळं."

आबांनी मान हलवली. बंदूक पुसून ताईंना परत दिली. मग मी ज्या बाजूला उभा होतो तिकडे तोंड करून म्हणाले, "अरुण, हात धुई ये."

मी मोरीत गेलो. साबण दोनदा लावला. कोरड्या हातांनी परत येऊन मी ताईंना विचारलं, "घेऊ का?" त्यांनी "घ्या" म्हटलं आणि मी ती घेतली. आबा कान देऊन ऐकत होते. मी मोडली तो आवाज, मिटली तो न झालेला आवाज. शेवटी मी फडक्यानं पुसली तेव्हा म्हणाले, "हं."

चहा झाला, आपट्याची पानं झाली. आबा दारापर्यंत पोचवायला आले. दारात उभे राहून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. आमची गाडी डाव्या हाताला उभी होती, आम्ही तिकडे वळलो. कोपऱ्यावरून मी मागे पाहिलं. आबा अजून दारातच होते आणि आम्ही गेलो असं समजून उजवीकडच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत होते.

हाक मारावीशी वाटली. मारली नाही. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.